लेकीने पट्टा सोडावा का? (मर्दानी खेळ, फेन्सिंग आणि आमच्या घरातलं शीतयुद्ध)

पेठेतली_वहिनी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही कोल्हापूरचे, पेठेतले. सासरी मर्दानी खेळाचा आखाडा आहे. सासरे (आबा) वस्ताद, त्यांचे वडील वस्ताद, त्यांच्याही आधीचं सगळं आबा सांगतात ते. माजघरात भिंतीवर पट्टे (कोपरापर्यंत खोबळं असलेली लांब तलवार), ढाली, विटा (दोरीचा भाला), माडू (शिंगांचं शस्त्र), खाली कोपऱ्यात लाठ्या आणि फरी-गदग्यांचा (छोटी ढाल आणि चामडं मढवलेली काठी) ढीग. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी झोपच लागली नव्हती मला.

लेक आता अकरावीत आहे. चालायला लागल्यापासून आबांच्या मागे मागे आखाड्यात. हातात पट्टा चढवून जमिनीवरचं लिंबू कापते, हलगीच्या घाईवर असा काही फिरवते की माझंच काळीज खालीवर होतं. शाळेत असताना फेन्सिंगचे सर आले, पोरीचा हात बघितला आणि सेबरमध्ये (फेन्सिंगमधला तलवारीचा एक प्रकार) घातली. तिथंही चमकली. आता राज्य स्पर्धेसाठी निवड झालीय, त्याआधीचं शिबिर नेमकं नवरात्रात. आणि दसऱ्याला आमच्या आखाड्याचं प्रात्यक्षिक असतं, त्यात पट्टा हीच करते.

सरांनी स्पष्ट सांगितलं, पट्टा बंद. मनगट जाम होतं म्हणे, नको त्या सवयी लागल्यात म्हणे. आबांना हे मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, "बरं" म्हणाले. तेव्हापासून जेवताना टीव्हीचा आवाज वाढवून बसतात. नवरा दोन्हीकडं मान हलवतो.

तर जाणकारांनी सांगा, पट्ट्यामुळं सेबर खरंच बिघडतं का? की सरांचं आपलं काहीतरी? आणि आबांशी कसं बोलायचं?

खटक्यावर_बोट
जागा धरून ठेवतो. नाद खुळा धागा होणार हाय ह्यो.

मिरचीचा_ठेचा
मला तर लिंबू कापायचा व्हिडिओ पाहिजे, बाकी चर्चा नंतर.

सेबरवाला
वहिनी, मी संभाजीनगरला साईमध्ये (भारतीय क्रीडा प्राधिकरण) खेळलोय काही वर्षं, सेबरच. आता नोकरी, पोट सुटलंय, पण एवढं सांगू शकतो की तुमचे सर उगीच बोलत नाहीयेत.

पट्ट्याची मूठ आडवी असते आणि कोपरापर्यंत लोखंडी खोबळं. म्हणजे मनगट वळतच नाही, हात आणि पातं एक होऊन जातं. वार येतो खांद्यातून, कंबरेतून, मोठे मोठे गोल. सेबर बरोब्बर उलटं. अख्खं हत्यार अर्ध्या किलोच्या आत, पातं ८८ सेंटिमीटर, आणि काम सगळं बोटांचं आणि मनगटाचं. हात मोठा फिरला की समोरचा तेवढ्या वेळात तुमच्या मनगटावर मारून मोकळा, कारण सेबरमध्ये कंबरेच्या वरचं सगळं टार्गेट, हात डोकं सकट.

दुसरं पायांचं. पट्ट्यात तुम्ही चारी बाजूंनी शत्रू आहे असं धरून गिरक्या घेता. पिस्ट, म्हणजे खेळायची पट्टी, १४ मीटर लांब आणि दीड-दोन मीटर रुंद, सरळ रेषेत जायचं नि यायचं. सेबरमध्ये पुढं जाताना मागचा पाय पुढच्याला ओलांडून टाकायलाही बंदी आहे. आणि पाठ फिरवली तर पिवळं कार्ड. तुमच्या मुलीला मिळालंय का कधी, विचारा.

पेठेतली_वहिनी
@सेबरवाला अहो मिळालंय! जिल्ह्याच्या मॅचला. वार चुकवताना गर्रकन फिरली आणि पंचांनी कार्ड काढलं. आबा तिथंच होते, त्यांना वाटलं बक्षीस दिलं.

मिरचीचा_ठेचा
😂😂 आबांचा फॅन क्लब कुठे जॉइन करायचा

खटक्यावर_बोट
आलो आता सविस्तर.

वहिनी, पट्टा सोडू नका. सर येतील नि जातील, उद्या बदली झाली की दुसरे सर येऊन तिसरंच सांगतील. आबांच्या हातातली विद्या आबांबरोबर जाणार, ती परत कुठं मिळायची? आमच्या गल्लीत दोन वस्ताद गेले, त्यांची पोरं एक बँकेत, एक पुण्यात आयटीत, शस्त्रं माळ्यावर गंजतायत. शिवजयंतीला काढतात, पुसतात, फोटो काढतात, परत माळ्यावर.

आणि २०२४ ला सरकारनं दांडपट्टा राज्यशस्त्र जाहीर केलाय. आता सोडायचा होय?

शनिवारातला_संशयी
राज्यशस्त्र जाहीर झाल्याने नेमकं काय बदललं हे कुणी सांगेल का? राज्यप्राणी शेकरू आहे, म्हणून शेकरू पाळायला पैसे मिळत नाहीत कुणाला.

थोडं कडू बोलतो. आज जे मर्दानी खेळ म्हणून आपण बघतो त्यातलं बरंचसं प्रात्यक्षिक आहे. ठरलेले हात, ठरलेली गिरकी, शेवटी लिंबू. सुंदर आहे, कष्टाचं आहे, पण समोर खरा प्रतिस्पर्धी नाही. फेन्सिंगमध्ये समोरची पोरगी तुम्हाला हरवायलाच उभी आहे. मुलीला लढायचं असेल तर आज लढाई पिस्टवर आहे. आपण पट्ट्याचा विषय निघाला की १६५९, प्रतापगड, सय्यद बंडाचा हात, होता जिवा म्हणून वाचला शिवा, इथून पुढे येतच नाही.

खटक्यावर_बोट
@शनिवारातला_संशयी फरी-गदगा कधी खेळलाय का तुम्ही? शिर, तमाचा, बाहेरा, कडक, समोरचा ठरवून मारत नाही. चुकलं की बरगडीवर बसतो गदगा, आठवडाभर कूस बदलता येत नाही. या एकदा पेठेत, प्रतिस्पर्धी दाखवतो.

शनिवारातला_संशयी
फरी-गदग्याबद्दल मान्य. मी पट्ट्याबद्दल बोललो. आमंत्रणाबद्दल आभारी आहे, बरगडी जपून येईन.

गोदाकाठची
नांदेडहून लिहितेय. आमच्याकडे हाच वाद गतक्याचा (शिखांचा शस्त्रांचा खेळ) झालेला डोळ्यांनी पाहिलाय. इथं दसऱ्याला हल्लाबोलची मिरवणूक निघते, निहंग सिंग शस्त्रं घेऊन, आणि आमच्या शेजारच्या सरदारजींची मुलं लहानपणापासून त्यात खेळतात. नंतर गतक्याची स्पर्धा सुरू झाली. डोक्याला हेल्मेट, हातात सोटी आणि फरी, घड्याळ लावून पॉइंट. जुनी माणसं म्हणाली हे काय गतका आहे का, ही तर काठ्यांची शिवाशिवी. पण खेलो इंडियात गतका आला, २०२३ ला गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत आला, आणि त्याच जुन्या माणसांची नातवंडं सर्टिफिकेट घेऊन आली तशी कुरकुर कमी झाली. पूर्ण नाही गेली. मिरवणुकीतला गतका वेगळा आणि मॅचमधला वेगळा, पोरं दोन्ही खेळतात.

गतका, थांग-टा, कळरीपयट्टू, मल्लखांब हे खेलो इंडियात घेतले. मर्दानी खेळ त्या यादीत नाही. त्याला पॉइंटची चौकट बसवायला कुणीतरी बसलं पाहिजे ना आधी. आपल्याकडे दोन आखाड्यांचे वस्ताद एका सतरंजीवर बसतात का? (राग मानू नका कोल्हापूरकर)

खटक्यावर_बोट
राग कशाला, खरं हाय. एका गल्लीतले दोन आखाडे हात पण वेगळे शिकवतात आणि दोघंबी सांगतात आमचंच अस्सल.

अपशिंगेचा_नातू
मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. गाव अपशिंगे मिलिटरी, सातारा. आमच्याकडं परंपरा म्हणजे भिंतीवरचा पट्टा नव्हे, पेन्शनचं पुस्तक. पणजोबा पहिल्या महायुद्धात, आजोबा, वडील, काका, सगळे फौजेत. मी धावायचो चांगला. दहावीनंतर मला ॲथलेटिक्सच्या कोचनी पुण्याला बोलावलं, वडील म्हणाले पळायचंच आहे तर भरतीला पळ. झालं, वर्षभर घरात हाच विषय.

शेवटी भरतीच झालो, आणि गंमत अशी की पळायला तिथंच मिळालं. अविनाश साबळे बघा, बीडचा, महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचिनला ड्युटी केली आणि मग स्टीपलचेसला वळला. २०२२ ला कॉमनवेल्थचं रौप्य. घराण्याची परंपरा आणि खेळ एकाच पगारात बसले तर भांडण राहत नाही. वहिनींच्या घरात ते बसत नाहीये, आबांचा पट्टा पगार देत नाही आणि फेन्सिंग अजून देत नाही, तरी फेन्सिंग देण्याची शक्यता आहे. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्यात मान्यताप्राप्त स्पर्धांचंच धरतात. दसऱ्याचं प्रात्यक्षिक नाही धरत.

वस्तादांची_नात
इतका वेळ गप्प होते.

माझे आजोबाही वस्ताद होते, गाव नाही सांगत. मी आणि माझा भाऊ एकत्र शिकलो. मी त्याच्यापेक्षा बरी होते, हे तोच सांगतो. आठवीत गेल्यावर आजीनं सांगितलं आता पुरे. कारण कुणी दिलं नाही, मी विचारलंही नाही. आजोबा काही बोलले नाहीत. पट्टा भावाकडे गेला, त्याला त्याची आवड नव्हती, बारावीनंतर त्यानं हात लावला नाही. म्हणजे आमच्या घरातली विद्या गेली ती फेन्सिंगमुळं नाही, मोबाईलमुळं नाही, आम्हीच घालवली.

त्यामुळे वहिनी, आबा नातीला पट्टा देतायत हे वाचूनच मला भरून आलं. त्यांना रुसू द्या थोडं, त्यांचा हक्क आहे. पण एक विचारते, एवढ्या प्रतिसादात कुणी विचारलं नाही म्हणून. पोरीला काय पाहिजे?

कोथरूडची_काकू
+१००. सर म्हणतात, आबा म्हणतात, आई म्हणते, पोर काय म्हणते?

पेठेतली_वहिनी
विचारलं हो, नाही असं नाही. ती म्हणाली दोन्ही. मग खोदून विचारलं तर म्हणाली, "सेबरमध्ये मजा येते जिंकायला, पण तिथं हलगी नाही. आखाड्यात हलगी तापली की हात आपोआप उठतो, तिथं ते मशीन बीप करतं." आणि मग म्हणाली मला झोप आलीय. सोळा वर्षांच्या मुलीकडून एवढं मिळालं म्हणजे खूप मिळालं.

आणि @वस्तादांची_नात, तुमचं वाचून मी नवऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं पहिल्यांदा मान न हलवता नीट ऐकलं.

सातासमुद्रापलीकडे
इकडे न्यू जर्सीत माझा मुलगा फेन्सिंग करतो (एपी, म्हणजे फेन्सिंगमधलाच दुसरा तलवारीचा प्रकार). इथे तर अर्धे पालक कॉलेज ॲडमिशनवर डोळा ठेवून येतात. त्याच्या क्लबमध्ये मी एकदा मर्दानी खेळाचा व्हिडिओ दाखवला तर कोच, जो मूळचा हंगेरीचा आहे, पंधरा मिनिटं बघतच राहिला आणि म्हणाला हिचे पाय मला द्या. हंगेरी म्हणजे सेबरचं माहेरघर, त्या माणसाला पाय आवडले. त्यामुळे वहिनी, पट्ट्यानं नुसतं नुकसानच झालंय असं नसणार.

सेबरवाला
हे खरं आहे. मी वर नुकसानच लिहिलं, फायदाही लिहायला पाहिजे. अंतराचा अंदाज. पट्टा चार फुटांच्या वर जातो सगळा मिळून, लवचिक पातं, त्याच्या टोकाचा अंदाज ज्याला आहे त्याला सेबरचं अंतर शिकवावं लागत नाही. आणि भीती. नवीन पोरं समोरून वार आला की डोळे मिटतात, ती मोडायला महिने जातात.

हाडांची_डॉक्टरीण
फिजिओ आहे, खेळाडूच बघते जास्त. इंटरनेटवर निदान करत नाही, पण ढोबळ सांगते.

१. पट्ट्यानं मनगट "जाम" होतं असं थेट नसतं. पट्ट्याचा भार खांद्यावर येतो. वाढत्या वयात सेबरचा रोजचा सराव आणि त्यावर जड पट्टा, असं दोन्ही एकाच आठवड्यात वाढवलं की खांदा बोलायला लागतो. दुखतंय का कुठं, हे तिला विचारा, आणि "नाही" म्हणाली तरी परत विचारा, ही पोरं लपवतात.

२. फेन्सिंग एकांगी खेळ आहे. कायम तोच हात, तोच पाय पुढं. माझ्याकडे येणाऱ्या फेन्सरांची एक मांडी दुसरीपेक्षा डोळ्यांना दिसेल इतकी जाड असते. पट्टा दोन्ही हातांनी खेळतात ना तुमच्याकडे? मग तो हंगाम संपल्यावर चांगलाच आहे.

म्हणजे प्रश्न सोडायचा की नाही हा नसून कुठल्या महिन्यात काय, हा आहे. स्पर्धेच्या तोंडावर मात्र मी सरांच्या बाजूनं.

(क्रमांक घालून लिहायची सवय लागलीय पेशंटमुळं, माफी.)

दालमिलवाला
विषयांतर करतो. कोल्हापूरवाले परंपरा परंपरा करतात पण तुमच्या कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलच्या टीम काढल्या तेव्हा कुठल्या वस्तादाला विचारलं होतं?

खटक्यावर_बोट
@दालमिलवाला आता बोललास! पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार... नाव तालमीचं, खेळ फुटबॉलचा, शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठा रिकाम्या. शड्डू ठोकणाऱ्याची पोरं कॉर्नर किक मारतात आणि आजोबा गॅलरीत बसून पंचाला शिव्या घालतात. आमच्यात हे असंच हाय, नवीन खेळ आला की तालमीत घ्यायचा, तालमीचं नाव द्यायचं नि त्याच्यावरनं भांडायचं.

दालमिलवाला
मग फेन्सिंगला पण आखाड्याचं नाव द्या की. अमुक तमुक तालीम सेबर संघ.

खटक्यावर_बोट
द्यायला लावतो आबांना. 😀

मातीतला
कुस्तीत हे भांडण होऊन गेलंय आधीच. माती का मॅट. महाराष्ट्र केसरीत आता माती विभाग आणि गादी विभाग वेगळे होतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी भिडतात. आमच्या वस्तादांनी मॅटला "सतरंजी" म्हणायचं सोडायला फार वर्षं घेतली. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं ते मॅटवर. त्यांना पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. कोल्हापूरचा माणूस मॅटवर पाठवायला घर गहाण ठेवतो आणि दसऱ्याला एक दिवस सोडत नाही, असं कसं चालेल?

शनिवारातला_संशयी
मातीतला, हा मुद्दा फार चपखल. प्रिंट काढून आबांच्या ताटाखाली ठेवा.

अंबानगरीकर
अमरावतीहून. आमच्याकडे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, १९१४ पासूनचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचं पथक जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. म्हणजे देशी खेळ आणि ऑलिंपिक यांची गाठ काही आज पडली नाही.

पण मी वेगळंच सांगायला आलो. एवढे सगळे पट्ट्यावर अडलेत, फरी-गदगा कुणी सुचवत का नाही? गदग्यात मनगट मोकळं असतं. हातात हलकी काठी, चामडं मढवलेली, दुसऱ्या हातात छोटी फरी. वार सगळे मनगटाचे. मला फेन्सिंगचं फार कळत नाही, पण सेबरच्या जवळ जाणारं काही असेल तर हेच.

सेबरवाला
अरे हो की! युरोपात सेबरचा सराव काठीनंच करायचे पूर्वी, वेताची मूठ लावून. भवानी देवीनंसुद्धा सुरुवात बांबूच्या काठ्यांनी केली होती, चेन्नईत शाळेत असताना, बाकीच्या खेळांच्या जागा भरल्या होत्या म्हणून फेन्सिंग मिळालं. तीच पुढे टोकियोला गेली, ऑलिंपिकमधली पहिली भारतीय फेन्सर, पहिली मॅच १५-३ नं जिंकली. वहिनी, तुमच्या सरांना गदग्याबद्दल विचारून बघा. फरी सोडून नुसता गदगा धरला तर मला तरी अडचण दिसत नाही.

कोथरूडची_काकू
आणि खंडेनवमीला पट्ट्याशेजारी सेबर ठेवून पूजा करा, आबा विरघळतील.

सेबरवाला
काकू पूजा करा, पण हळदकुंकू पात्यावर नको आणि त्या चंदेरी जॅकेटवर तर अजिबात नको. सगळं विजेच्या कॉन्टॅक्टवर चालतं, कुंकवाचा थर बसला तर वार लागूनही दिवा लागायचा नाही. शेंदूर पण नको. झेंडूचं फूल चालेल.

बॅगेवरून आठवलं, एकदा एसटीत कंडक्टरनं विचारलं एवढ्या लांबड्या बॅगेत काय. मी आपला खरं बोललो, तलवार. मागच्या सीटवरची आजी पोतं घेऊन पुढं जाऊन बसली आणि पुढच्या स्टँडवर हवालदार चढले. नऊ इंचांच्या वर पातं, हत्यार कायदा, ४/२५, सगळं ऐकून घेतलं. मग मी टोकाला बोट दाबून दाखवलं, पातं वाकवून दाखवलं, तर म्हणाले मग ही कसली तलवार. तिथं जास्त अपमान झाला. आता क्रिकेटचं सामान सांगतो.

मिरचीचा_ठेचा
"मग ही कसली तलवार" 😭 हवालदार आणि आबा भाऊ भाऊ

शिवप्रेमी_९६
परंपरा बुडवणाऱ्यांनो, ज्यांना

*(प्रतिसादाचा पुढचा भाग संपादित. राजकारण आणि जातीवरचे शेरे या धाग्यावर नकोत. - संपादक मंडळ)*

गोदाकाठची
संपादकांचे आभार. चांगला धागा चाललाय.

रील्सबद्दल कुणी बोललं नाही. इथं पट्टा शिकणारी निम्मी पोरं लग्नाच्या वरातीत आणि हॉटेलच्या उद्घाटनाला खेळ करतात, धूर सोडून, लाइट लावून. पैसे मिळतात, मी वाईट म्हणत नाही. पण वस्ताद म्हणून आबांना त्याचं काय वाटतं?

पेठेतली_वहिनी
@गोदाकाठची आबांना वरातीचा फार राग. एकदा एका इव्हेंटवाल्यानं फोन केला, "नवरीच्या एंट्रीला पट्टा पाहिजे" म्हणून. आबा म्हणाले नवरीला शिकवतो, पाठवून द्या. फोन ठेवला त्यानं.

पण दिराचा मुलगा करतो तसले कार्यक्रम, आबांना न सांगता. आबांना माहीत आहे. आणि घरातली खरी गोम ही आहे, इथं लिहितेच आता. ही दसऱ्याला नसली तर पट्टा त्या पुतण्याकडं जाणार. तो फिरवतो छान, पण आबा म्हणतात त्याचा हात कॅमेऱ्याकडं असतो. म्हणून ते चिडलेत. सेबरचा राग नाहीच बहुतेक.

वस्तादांची_नात
हं. आता कळलं टीव्हीचा आवाज का वाढतो ते.

अपशिंगेचा_नातू
वहिनी, मग आबांशी सेबरबद्दल बोलूच नका. पुतण्याबद्दल बोला.

मातीतला
सर आणि आबा यांची भेट घालून द्या. मध्ये आई निरोप्या म्हणून राहिली की दोन्हीकडचं अर्धंच पोचतं. आमच्या वस्तादांना मॅटवाल्या कोचनी एकदा स्वतः येऊन नमस्कार केला आणि शंका विचारली, त्यानंतर तेच आम्हाला मॅटवर हाकलायला लागले.

पेठेतली_वहिनी
मंडळी, अपडेट. उशीर झाला, शिबिराची गडबड होती.

मातीतलांचं ऐकलं. सरांना घरी चहाला बोलावलं. सर भिंतीवरची शस्त्रं बघून चप्पल काढायची विसरले आणि आबांनी पहिलं तेच सुनावलं. मग दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग आबांनी विषय काढला तो पट्ट्याचा नाहीच. "त्या दिवशी दोन्ही दिवे लागले होते, पॉइंट एकटीलाच कसा?"

पुढचा तास त्यावर गेला. सरांनी कागदावर काढून दाखवलं, दोघींचा वार एका वेळी बसला तर ज्याची चढाई आधी सुरू झाली त्याला पॉइंट, समोरच्यानं आधी वार अडवायला पाहिजे, मगच मारायचं. आबा म्हणाले, "दोघांनाबी लागलं म्हणजे दोघंबी मेली. कसला पॉइंट?" सर म्हणाले एपीमध्ये तसंच आहे, दोघांना मिळतो. आबा म्हणाले मेलेल्याला पॉइंट देता होय. पोरगी जिन्यात बसून हसून हसून लोळायची बाकी होती. पण मॅच सुरू होण्याआधी समोरच्याला, पंचाला आणि लोकांना सलामी द्यावीच लागते, नाही दिली तर शिक्षा आहे, हे सरांनी सांगितलं तेव्हा आबा एकदम गप्प झाले आणि म्हणाले, "हे बरं केलंय."

गदग्याची गोष्ट मी काढली, अंबानगरीकर आणि सेबरवाला तुमच्या जिवावर. सरांनी गदगा हातात घेतला, दोन-चार हात फिरवले, म्हणाले हा चालेल, उलट चांगला आहे, फक्त फरी नको आणि गिरकी नको. आबा म्हणाले गदगा म्हणजे पोरांचा खेळ. पण नाही म्हणाले नाहीत. सर शिबिरातून दसऱ्याची संध्याकाळ सोडायला तयार झाले, रात्री परत हजर व्हायचं आणि खांदा दुखला तर सांगायचं या अटीवर. (@हाडांची_डॉक्टरीण, थोडा दुखत होता. लपवला होता. तुम्ही म्हणालात तसंच. आता इथल्या फिजिओकडं जातोय.)

पट्ट्याचं मात्र व्हायचं तेच झालं. दसऱ्याला पुतण्या पट्टा करणार. आबांनी त्याला समोर बसवून सांगितलं की मोबाईल माझ्याकडं जमा करायचा, मगच पट्टा चढवायचा. पोरगी त्यावर दोन दिवस फुगली, आबांवर नाही, सरांवर नाही, माझ्यावर! पट्टा तिचा होता, आम्ही परस्पर देऊन टाकला म्हणे. तिला विचारून ठरवलं होतं हो सगळं, पण प्रत्यक्षात दुसऱ्याच्या हातात बघितला आणि बिनसलं.

पुढचं ठरलेलं नाही. आबा म्हणतात दिवाळीनंतर पट्टा परत तिच्याकडं. सर म्हणतात राज्यातनं निवड झाली तर राष्ट्रीय होईपर्यंत नाही. ते भांडण तेव्हा.

शनिवारातला_संशयी
"मेलेल्याला पॉइंट देता होय" हे जागतिक फेन्सिंग महासंघाला कळवायला हवं. आबांना माझा नमस्कार सांगा, आणि मी दसऱ्याला खरंच येतोय.

खटक्यावर_बोट
या संशयी, तांबडा-पांढरा आमच्याकडं. आधी गदगा, मग जेवण, उलटं केलं तर जेवण वाया जाईल.

वस्तादांची_नात
पोरीला सांगा, फुगलीस ते बरोबर आहे. मी फुगायला पाहिजे होतं तेव्हा.

सेबरवाला
वहिनी, राज्य स्पर्धेला तिच्या पूलमध्ये (गटात) डावखुरी कुणी आली तर आधी सांगून ठेवा तिला, सेबरमध्ये डावखुरी म्हणजे वैताग असतो, बाहेरच्या बाजूनं हात उघडा पडतो.

पेठेतली_वहिनी
@सेबरवाला आबा डावखुरेच आहेत. आयुष्यभर त्यांच्यासमोरच खेळलीय ती.

सेबरवाला
मग सुटलात. निकाल इथेच कळवा.